वैरण पेंढ्यांवर नको, काट्यावर मोजा
वाचकांचे प्रश्न : घोड्याचा चारा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचे सौदे होतात आणि नवे मालक घोडा घेऊन घरी पोहोचले की आमच्याकडे पत्रे सुरू होतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला आहे : ठाणावर बांधलेल्या घोड्याला दिवसाला वैरण किती टाकायची? पुढे निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : सारंगखेड्याहून सहा वर्षांची मारवाडी घोडी आणली. शेतावर पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर बांधलेली असते, संध्याकाळी अर्धा तास फिरवतो. विकणाऱ्याने रोज पाच पेंढ्या कडबा सांगितला. शेजारचे म्हणतात, खाईल तेवढं खाऊ द्या. कोणाचं ऐकू? (फलटण)

उत्तर : दोघांचेही ऐकू नका, आधी काटा आणा. पेंढी हे माप नाही. कोणाची पेंढी दीड किलोची असते, कोणाची अडीच किलोची. पाच पेंढ्या म्हणजे साडेसात किलोही झाले आणि साडेबारा किलोही. सामान मोजायचा हुकाचा डिजिटल काटा बाजारात स्वस्तात मिळतो. दहा पेंढ्या मोजा आणि सरासरी काढा. कडब्याची नवी गाडी आली की पुन्हा मोजा.

आता घोडीचे वजन. भुईकाटा जवळ असेल तर उत्तमच, नाहीतर शिंप्याची टेप पुरे. जिथे तंग (खोगिराचा पट्टा) आवळतो तिथून, कोपराच्या लगेच मागून आणि वर खांद्याच्या उंचवट्याच्या मागून छातीचा घेर घ्या. घोडीने श्वास सोडला की आकडा वाचा. मग लांबी : खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडाच्या टोकापर्यंत. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोमध्ये येते. घेर १६५ आणि लांबी १४५ असेल तर वजन साधारण ३३२ किलो. हे सूत्र पूर्ण वाढलेल्या जनावरासाठी आहे. शिंगरू आणि शेवटच्या महिन्यांतली गाभण घोडी यांना ते लागू पडत नाही.

हलक्या कामाच्या घोड्याला रोज वजनाच्या २ टक्के कोरडा चारा लागतो. कोरडा म्हणजे त्यातले सगळे पाणी वजा करून. कडबा आणि वाळलेले गवत यांतही दहा-बारा टक्के ओल असतेच. म्हणून ३३२ किलोच्या घोडीला ६.६ किलो कोरडा चारा मिळावा असे वाटत असेल तर काट्यावर साडेसात किलो दिसले पाहिजेत. हे पोटात जाण्याचे माप झाले, गव्हाणीत टाकण्याचे नव्हे. कडब्याची पाने आणि कोवळे शेंडे घोडा आवडीने खातो आणि जाड बुडखे सोडतो. दोन-तीन दिवस उरलेले बुडखे सकाळी गोळा करून मोजा. दीड किलो उरत असतील तर नऊ किलो टाका. खालची मर्यादा १.५ टक्के. निरोगी घोड्याला त्याखाली नेऊ नका, मग चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कितीही भारी असो.

शेजाऱ्यांचा सल्ला कडब्यापुरता फारसा धोक्याचा नाही, कारण कडबा भराऊ असला तरी हलका आहे. त्याची अडचण दुसरीकडे आहे. प्रथिने त्यात साडेचार टक्क्यांच्या आसपासच असतात. पूर्ण वाढलेल्या, फारसे काम नसलेल्या घोड्याला दर किलो वजनामागे रोज सुमारे सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुमच्या घोडीला ४१५ ते ४२० ग्रॅम. साडेसात किलो कडब्यातून ३४० ग्रॅमच्या वर काही मिळत नाही. नुसत्या कडब्यावरची घोडी म्हणूनच पोट सुटलेली, पण पाठ आणि पुठ्ठा बसलेली दिसते. आमच्या हिशेबाने साडेचार किलो कडबा, दोन किलो डोंगरी वाळले गवत आणि एक किलो वाळवलेला लसूणघास (ल्युसर्न) द्या. साडेसात किलोच झाले, प्रथिने मात्र साडेचारशे ग्रॅमच्या वर गेली. वाळवलेला नसेल तर हिरवा लसूणघास चार किलो धरा, त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते.

कडबा शक्यतो शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा घ्या. मालदांडी या वाणाची ताटे बारीक, पांढरी, गोडसर असतात आणि काढणीत पाऊस लागलेला नसतो. खरिपातल्या संकरित ज्वारीचा कडबा जाड आणि अनेकदा पावसाने काळा पडलेला असतो. गवतात कुसळी आहे का ते मूठभर गवत चोळून पाहा. तिची अणकुचीदार कुसळे हिरडीत आणि जिभेखाली रुततात, मग घोडा लाळ गाळतो, चारा अर्धवट चावून टाकतो आणि मालक दातांना दोष देतो. गवत फुलोऱ्यावर असताना कापलेले हवे. दिवाळीनंतर बी झडून गेल्यावर कापलेल्या पिवळ्या गवतात काड्याच काय त्या शिल्लक असतात.

वाटणी अशी करता येईल : पहाटे सहाला दीड किलो, अकराला एक, दुपारी चारला दीड आणि रात्री नऊ-दहाला उरलेले साडेतीन. रात्रीचा घास सर्वांत मोठा ठेवा, कारण पुढचे आठ तास कोणी फिरकत नाही. पाणी सतत समोर असावे. कोरड्या वैरणीवर एवढी घोडी थंडीत वीस-पंचवीस लिटर पिते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. पाणी कमी पडले तर वैरण आतड्यात घट्ट बसते.

आकडा कागदावर बरोबर आला तरी शेवटी घोडीकडे पाहूनच ठरवा. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्याला दिसू नयेत. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी टेप लावा. या मापाच्या घोडीचा घेर २ सेंटिमीटरने वाढला की वजन साधारण ८ किलोने वाढलेले असते. सलग दोनदा एकाच दिशेने फरक पडला तर वैरण अर्ध्या किलोने कमी-जास्त करा. एका मापावरून काही बदलू नका.

प्रश्न : माझ्याकडे ऊस आहे, बांधावर फुले जयवंत गवतही लावले आहे. घोड्याला हिरवे वाढे आणि जयवंत पोटभर देतो, शिवाय रोज दोन किलो गव्हाचा कोंडा. अंगाने चांगला होता, पण दोन महिने झाले, कधी पुढचा पाय ओढतो, कधी मागचा. नाकाच्या वरची हाडे दोन्ही बाजूंनी फुगल्यासारखी वाटतात. गाई त्याच चाऱ्यावर उत्तम दूध देतात. (कागल)

उत्तर : तुम्ही लिहिलेली लक्षणे कॅल्शियमच्या कमतरतेची आहेत. आधी पशुवैद्यकाला दाखवा, पण चारा आजच बदला.

संकरित नेपिअर (जयवंत, यशवंत ही त्यातलीच), गिनी गवत आणि उसाचे वाढे यांत ऑक्झलेट असते. ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू ऑक्झलेट फोडतात, कॅल्शियम सुटते आणि पुढे शोषले जाते. घोड्याचे जिवाणू शेवटी, मोठ्या आतड्यात बसलेले असतात. कॅल्शियम शोषले जायची जागा त्याच्या आधीच, लहान आतड्यात, येऊन गेलेली असते. त्यामुळे बांधलेले कॅल्शियम तसेच लिदीतून बाहेर पडते. एकाच चाऱ्यावर गाय धष्टपुष्ट आणि घोडा लंगडा, असे होते ते यामुळे.

कोंड्याने यात भर घातली. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमच्या आठ-दहा पट असते. घोड्याच्या एकूण आहारात मात्र कॅल्शियम स्फुरदापेक्षा जास्त हवे, साधारण दीड ते दोन पट. हे उलटे झाले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातली पातळी टिकवण्यासाठी हाडांतून कॅल्शियम खेचू लागतात. हाड पोकळ होते आणि ती जागा तंतुमय पेशी भरून काढतात. चेहऱ्याच्या हाडांत ते आधी दिसते. पाय बदलून लंगडणे, चालताना अंग आखडून धरणे आणि चावताना त्रास होणे हीही त्याचीच लक्षणे.

एक सावधगिरी : रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम बरोबर आले म्हणून निश्चिंत होऊ नका. हाडे रिकामी करून शरीर रक्तातला आकडा सांभाळत असते, म्हणून तो बहुधा ठीकच येतो. लघवीतल्या कॅल्शियम-स्फुरदाची तपासणी जास्त सांगून जाते. डॉक्टरांना चाऱ्याची सगळी यादी द्या, कोंडा विसरू नका.

चारा असा बदला. वाढे पूर्ण बंद. जयवंत दहा दिवसांत उतरवत आणा : पहिले तीन दिवस पाव हिस्सा काढून कडबा किंवा वाळले गवत घाला, पुढचे तीन दिवस अर्धा, मग पाऊण, दहाव्या दिवशी सगळा. कोंडा आधी निम्म्यावर आणा आणि आठवड्यात थांबवा. रोज एक ते दीड किलो वाळवलेला लसूणघास सुरू करा, त्यात कॅल्शियम भरपूर असते. त्याशिवाय चुनखडीची भुकटी एक भाग आणि डायकॅल्शियम फॉस्फेट दोन भाग असे मिश्रण ओल्या चंदीत कालवून द्यायचे. जिथे अशा गवतावरच घोडे ठेवावे लागतात तिथे ५०० किलोच्या घोड्याला आठवड्याला सुमारे एक किलो देतात, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला ६०० ग्रॅम. ज्याला आजार जडला आहे त्याची मात्रा यापेक्षा जास्त असते, ती तुमचे डॉक्टर ठरवतील. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पानाला लावायचा किंवा भिंतीला द्यायचा चुना नव्हे, तो तोंड भाजतो.

लंगडणे काही आठवड्यांत कमी होऊ लागेल, हाडे भरायला महिने लागतात. चेहऱ्याची सूज पूर्ण ओसरतेच असे नाही. बरा होईपर्यंत त्याच्यावर स्वार होऊ नका, कमकुवत हाड मोडते.

प्रश्न : कडबा वाया जातो म्हणून कुट्टी यंत्र घेतले. आता एक पानही शिल्लक राहत नाही, पण घोडा सात-आठ मिनिटांत गव्हाण साफ करतो आणि मग दिवसभर खांब कुरतडतो. (श्रीगोंदा)

उत्तर : बुडखे टाकून देण्याची सवय घोड्याच्या फायद्याची होती, तुम्ही ती मोडलीत. बारीक कुट्टीत लाकडासारखे बूडही पोटात जाते. दुसरे म्हणजे चावणे कमी झाले. घोड्याला लाळ फक्त चावतानाच सुटते, तोंड थांबले की लाळही थांबते. उलट पोटातले आम्ल चोवीस तास झिरपत असते आणि त्यावर उतारा म्हणजे ही लाळच. एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी घोडा न चावता गिळतो. घाईने गिळला तर घास अन्ननळीत अडकतो आणि नाकातून हिरवट पाणी व चाऱ्याचे कण येऊ लागतात. पुढे गेलाच तर लहान आतड्याच्या शेवटी गोळा होऊन पोटशूळ होऊ शकतो. खांब कुरतडणे म्हणजे तो बाकीचे चावणे खांबावर पुरे करतोय.

यंत्र विकू नका. पाती किंवा वेग बदलून तुकडा सात-आठ सेंटिमीटरचा काढा, पाती धारदार ठेवा आणि एकूण वैरणीतली निम्मी तरी अखंड लांबीची द्या. कुट्टी पाणी शिंपडून ओलसर करून टाका, कोरडी नको. कुट्टीत तारेचे तुकडे आणि सुतळी जाते, म्हणून गव्हाणीच्या आधी चाळणीवर एक चुंबक फिरवा.

अपवाद म्हातारा घोडा. वीस वर्षांच्या पुढे दाढा झिजलेल्या असतात. अशा घोड्यापुढे चारा टाकला की तो चघळून चघळून त्याचे गोळे खाली टाकतो. त्याला लांब कडबा म्हणजे शिक्षाच. बारीक कुट्टी आणि वाळला लसूणघास कोमट पाण्यात तासभर भिजवून लापशीसारखे करून दिवसातून पाच-सहा वेळा द्या. दात वर्षातून एकदा तपासून घासून घ्या, तरुण घोड्याचेही.

प्रश्न : आमच्याकडे वरातीच्या दोन घोड्या आहेत. हंगामात सकाळी वैरण टाकतो, दुपारी तीनला न्हाऊ घालून सजवतो, रात्री अकरा-बाराला परत येतो. आल्यावर भरपूर हरभरा आणि कडबा देतो. एकीला दोनदा पोटशूळ झाला. (पुणे)

उत्तर : सकाळची वैरण अकरापर्यंत संपली असेल तर त्या बारा-तेरा तास उपाशी उभ्या असतात. घोड्याचे जठर अंगाच्या मानाने फार लहान, आठ ते पंधरा लिटरचे. ते लवकर रिकामे होते आणि मग आम्ल थेट जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागाला लागते. त्यात बँडचा आवाज, फटाके आणि डांबरावरची दगदग. व्रण न झाले तरच नवल. मग मध्यरात्री त्याच रिकाम्या पोटात एकदम हरभऱ्याचा ढीग पडतो. पोटशूळाचे कारण बहुधा इथेच आहे.

दोन वैरणींमधले अंतर जागेपणी चार-पाच तासांच्या पुढे जाऊ देऊ नका. निघायच्या तासभर आधी दोघींना प्रत्येकी एक ते दीड किलो गवत आणि त्यात दोन मुठी वाळला लसूणघास द्या. पोटात चाऱ्याचा थर असला की चालताना आम्ल वर हिंदकळत नाही आणि लसूणघासातले कॅल्शियम आम्ल थोडे मारते. गाडीत जाळीत भरून दोन-दोन किलो गवत बरोबर न्या. नवरदेवाला चढायला बराच वेळ असतो, मांडवाबाहेर थांबलेल्या घोडीपुढे ती जाळी टांगा. परतल्यावर आधी पाणी. दमलेल्या घोड्याला पाणी तोडायचे, ही जुनी समजूत सोडा. पाच-दहा मिनिटांच्या अंतराने थोडे थोडे पाजत पोटभर होऊ द्या. मग गवत. चंदी तासाभराने, आणि तीही अर्धीच. उरलेली अर्धी सकाळी.

जाळी छातीच्या उंचीला बांधा, रिकामी होऊन लोंबली तरी पाय अडकणार नाही इतक्या वर. नाल ठोकलेल्या घोड्याची नाल सैल जाळीत अडकली तर पाय मोडेपर्यंत तो झटके देतो.

प्रश्न : कोकणात भाताचा पेंढाच मुबलक. तो घोड्याला चालतो का? पावसाळ्यात साठवलेला चारा दमट होऊन बुरसतो, तो उन्हात वाळवून दिला तर? (कर्जत)

उत्तर : पेंढा चालतो तो भर म्हणून, एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. त्यात सिलिका खूप, पचनीयता कमी आणि प्रथिने कडब्याहूनही कमी. मुख्य चारा म्हणून दिला आणि पाणी कमी पडले की मोठ्या आतड्यात गोळा ठरलेला. घोड्याखाली अंथरायला मात्र तो चांगला. अधाशी घोडा अंथरूणच खाऊ लागला तर समजा की गव्हाण लवकर रिकामी होतेय.

बुरसलेला चारा वाळवून, झटकून, धुऊन कसाही दिला तरी नको. बुरशी मरते पण तिने तयार केलेले विष तिथेच राहते आणि झटकताना उडणारे बीजाणू घोड्याच्या फुप्फुसांत जातात. एकदा दम्याची सवय लागली की कायमची. अशी पेंढी गाईपुढेही सरकवू नका, खतात घाला.

साठवणीचे बोला. गवत भरताना त्यात १५ टक्क्यांहून कमी ओल हवी. यंत्राविना कळायचे तर मूठभर काड्या पिळून वाकवा : कटकन तुटल्या तर ठीक, वळल्या तर अजून दोन ऊन द्या. जमिनीपासून वीतभर उंच बांबूचा माचा, भिंतीपासून हात-दीड हात अंतर आणि वर हवा खेळती. गंजीवर ताडपत्री सगळीकडून घट्ट आवळली तर आतली वाफ आतच राहते, बाजू मोकळ्या ठेवा. नव्या गंजीत पहिले तीन-चार आठवडे पहार खुपसून पाहा. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर काढलेली पहार हातात धरवत नसेल तर गंजी आतून तापली आहे, मोडून पसरा. अशा गंज्या आपोआप पेटतात. मोडताना पाण्याची बादली आणि दुसरा माणूस जवळ असू द्या.

साधी धूळ असलेले, बुरशी नसलेले गवत पंधरा-वीस मिनिटे पाण्यात बुडवून, निथळून लगेच टाका. रात्रभर भिजत ठेवू नका. आपल्या हवेत ते सकाळपर्यंत आंबते. भिजवलेले पाणी ओतून द्यायचे, घोड्याला पाजायचे नाही. आणि वजन नेहमी भिजवण्याआधी करायचे, हे सांगायला नको.

प्रश्न : माथेरानला धावणारे माझे तट्टू पावसाळ्यात खाली आणून बांधतो. काम नसते, चारा मात्र तोच. मानेवर चरबीचा कड आलाय. दोन दिवसांआड उपास घालू का? (नेरळ)

उत्तर : उपास मुळीच नको. तट्टांचे अंग काटकसरीचे, अचानक उपास पडला की ते साठवलेली चरबी एकदम रक्तात सोडते आणि यकृत निकामी होऊ शकते. जाड तट्टाला हा धोका सर्वांत जास्त.

पहिल्या दिवसापासून चंदी, गूळ आणि कोंडा बंद करा. माथेरानला दिवसभर चढ-उतार करणाऱ्या जनावराचा खुराक बांधलेल्या जनावराला चालत नाही. वैरण वजनाच्या १.५ टक्के कोरड्या हिशेबाने आणा. २५० किलोच्या तट्टाला रोज सव्वाचार किलोच्या आसपास वाळले गवत, त्यात निम्मा कडबा चालेल. लसूणघास नको, बांधावरचे कोवळे हिरवे गवतही नको. एवढे गवत तो दोन तासांत संपवेल, म्हणून तीन-चार सेंटिमीटर भोकांच्या जाळीत भरा, एकावर एक दोन जाळ्या चढवल्या तर आणखी पुरते. पाऊस उघडला की रोज तासभर हाताने चालवा. मानेवरचा कड टणक असणे, खूर तापणे, पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभे राहणे यांतले काही दिसले तर चालवणे थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. खुरातला दाह लांबला तर तट्टू कामातून जाते.

थोडक्यात उत्तरे

चंदी वाढवून वैरण कमी केली तर चालेल का? (बारामती) : एकूण खाण्यातला निम्म्याहून जास्त भाग वजनाने वैरणीचाच हवा. चंदी एका वेळेला थोडी द्या. ३०० किलोच्या घोड्याला बाजरी किंवा मका एका खेपेला एक किलोच्या आतच. पिष्ट (स्टार्च) जास्त झाले की ते न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, मग पोटशूळ आणि खुरांचा दाह. हरभरा भिजवून, फुगल्यावरच.

गाईची पशुखाद्याची कांडी आणि मुरघास घोड्याला देऊ का? (सांगोला) : दोन्ही नको. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. गाय सहन करते त्याच्या कितीतरी कमी मात्रेत घोड्याचे हृदय निकामी होते. मोकळे पोते घोड्याच्या चाऱ्यासाठी वापरू नका आणि दोन्ही खाद्यांचे टोपलेही वेगळे ठेवा. मुरघासात, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात, माती किंवा मेलेले उंदीर गेले तर त्यात बोट्युलिझमचे विष तयार होते, घोडा त्याला फार हळवा आहे.

मीठ किती? (नाशिक) : दर १०० किलो वजनामागे रोज साधारण १० ग्रॅम, घाम गाळणाऱ्याला जास्त. सैंधवाचा खडा टांगलात तरी हिशेब ठेवा, काही घोडे तो चाटतच नाहीत.

मुलगी इंग्लंडमध्ये घोडा सांभाळते, तिथे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले हेलेज देतात. ते मुरघासच ना? (डोंबिवली) : मुरघासापेक्षा बरेच कोरडे, त्यात निम्म्याहून जास्त कोरडा चारा असतो. म्हणून घोड्याला चालते. फक्त ओल जास्त असल्याने वाळल्या गवताच्या वजनाइतकेच टाकले तर उपासमार होते. ६० टक्के कोरडे असेल तर सहा किलो गवताच्या जागी नऊ किलो धरावे. गठ्ठा फुटला की चार-पाच दिवसांत संपवायचा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. प्लॅस्टिकला भोक पडून बुरशी आलेला गठ्ठा टाकून द्यायचा.

हाडांचा सापळा झालेली घोडी सोडवून आणली आहे, पोटभर खायला घालतोय. (लातूर) : आत्ताच हात आवरा. उपाशी शरीरात एकदम साखर गेली की स्फुरद आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जाते आणि तीन ते पाच दिवसांत हृदय थांबू शकते. चंदी, गूळ, बाजरी काहीही नको. मोठ्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो वाळवलेला लसूणघास देतात, रात्रीही. तुमची घोडी अडीचशे किलोच्या आसपासची असेल तर पाव किलो. चौथ्या दिवसापासून घास वाढवत आणि खेपा कमी करत दहाव्या दिवशी दिवसाला तीन-चार खेपांवर या. चंदीचा विचार दोन आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारून. पाणी आणि सावली पहिल्या क्षणापासून, जंताचे औषध मात्र ती सावरल्यावर. अंग भरायला तीन ते पाच महिने लागतात, तोवर दर आठवड्याला टेप लावून घेर लिहून ठेवा.